रिफील नसलेली पेनं

पत्र:

मी नाशिकला सासरी असते, वय ३२. माहेर तालुक्याच्या गावी, दीड तासावर. धाकटा भाऊ २५ वर्षांचा. पुण्यात नाइट शिफ्टची नोकरी करत होता, जूनमध्ये ती गेली, तेव्हापासून घरी आहे. दोन-दोन रात्री जागा असतो, अखंड बडबडतो, मध्यरात्री उठून गाडी धुतो. मग दार लावून दीड-दीड दिवस झोपतो. उठवलं तर अंगावर येतो. वजन दहा-बारा किलोनं उतरलंय. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणून खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलंय. गणपतीत गेले होते तेव्हा त्याच्या टेबलाच्या खणात रिफील नसलेली तीन पेनं सापडली आणि सराफ नथीची फिरकी घालून देतो तसल्या चिमुकल्या प्लास्टिकच्या पिशव्या. आत पांढरी भुकटी चिकटलेली. विचारलं तर म्हणाला, ‘कॅल्शियमची गोळी फुटली.’ गाडीचा हप्ता थकलाय म्हणून आईनं तिची एक पाटली मोडून पैसे दिले. बाबांना हे माहीत नाही, त्यांची अँजिओप्लास्टी झालीये. त्याच्या नकळत लघवी तपासता येईल का? म्हणजे एकदाची खात्री होईल. बाबांना सांगू का? ओळखीच्यांनी एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिलाय. ते म्हणतात, पत्ता द्या, आमची माणसं येऊन उचलून नेतील. पोलिसांत प्रकरण जाईल का? भाऊबीज पंधरा दिवसांवर आलीये. यंदा जाऊच नये असं वाटतंय.
— एक बहीण

उत्तर:

तू माझ्या मुलीच्या वयाची, तेव्हा अगं-तुगं चालवून घे.

जागेअभावी तुझं पत्र मी निम्म्याहून जास्त कापलंय. मूळ पत्रात ‘खात्री’ हा शब्द सात वेळा आलाय. मी मोजला. खात्री झाली की बोलेन, खात्री झाली की बाबांना सांगेन, खात्री नसताना आळ कसा घेऊ. मला सांग, रिफील काढलेली तीन पेनं, भुकटीच्या पिशव्या, मोडलेली पाटली आणि खिडकीवरचा पेपर, एवढं सगळं एका खोलीत सापडल्यावर आणखी कसली खात्री हवी? समुपदेशनाच्या खोलीत मी बरीच वर्षं बसलेय. तिथं येणाऱ्या बहुतेक घरांचं आधीचं वर्ष हेरगिरीत गेलेलं असतं. वडील गाडीची डिकी तपासतात, आई शर्ट धुण्याआधी खिसे हुंगते, बायको मोबाइलचा पासवर्ड ओळखायला बसते. शोध चालू असतो तोवर त्याच्यासमोर बसून बोलायची वेळ येत नाही, म्हणून तो शोध संपत नाही. रागावू नकोस, हे मी तुलाच नाही, सगळ्यांनाच सांगते.

तरी तुझी शंका रास्त आहे, कारण एकेकट्या खुणेवरून काहीच ठरत नाही. डोळे लाल जागरणानंही होतात. वजन थायरॉइडनंही उतरतं, मधुमेहानंही. खोलीत कोंडून घेणं हे नैराश्यही असू शकतं आणि प्रेमभंगही. नाइट शिफ्ट करणाऱ्या पोराची झोप उलटीपालटी असणारच. बघायचा असतो तो ताल. तुझ्या भावाचा ताल तूच लिहिलायस: दोन दिवस जाग, बडबड, भूक नाही, मग दीड दिवस मेल्यासारखी झोप, उठल्यावर चिडचिड, मग पैशाची मागणी, आणि पुन्हा पहिल्यापासून. हा ताल उत्तेजक पदार्थांचा असतो. आपल्याकडे सध्या त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव एमडी, म्हणजे मेफेड्रोन. पोरं ‘पावडर’ म्हणतात, ‘म्याऊ म्याऊ’ म्हणतात. २०२३ मध्ये तुमच्या नाशिकजवळ शिंदे गावात याचा कारखाना सापडला होता आणि २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला. म्हणजे माल मुंबईच्या पबमधून येतो, आपल्या गावाचा काय संबंध, हे समाधान आता कुणाला उरलेलं नाही.

ही भुकटी बहुतेकदा नाकानं ओढतात, पेनाची नळी त्यासाठी. कधी नळीऐवजी गुंडाळलेली नोट असते. अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून परत ओढतात, परत ओढतात, आणि असं करता करता रात्र, दुसरी रात्र. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, जबडा आवळला जातो, दात करकर वाजतात, घाम येतो, छाती धडधडते, नाक चोंदतं किंवा त्यातून रक्त येतं. उतरल्यावर मन पार तळाला जातं. जागरण लांबलं की संशय सुरू होतो: कुणीतरी बघतंय, फोनमधून ऐकतंय. खिडकीवरचा पेपर त्यातला असावा असं मला वाटतं, आणि तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ती आहे. पाटलीपेक्षाही. कारण संशय या टप्प्याला पोचला की ‘बघू, सणवार झाल्यावर’ असं म्हणायला वेळ नसतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञांनी बघायला हवं, आणि लवकर. ते व्यसनातून आलंय की मूळचा मानसिक आजार आहे, हे तू किंवा मी नाही ठरवायचं.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण याच आठवड्यात मराठवाड्यातून एका आईचं पत्र आलंय आणि तिच्या मुलाच्या खुणा अगदी उलट्या आहेत. ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, घेणारा जेवताना मान टाकतो, घास हातात राहतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग खाजतं, पोट साफ होत नाही. खोलीत चॉकलेटच्या चांदीसारखी पन्नी मिळते, खालून काळी पडलेली. माल मिळाला नाही की आठ-बारा तासांत नाक-डोळे गळायला लागतात, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं. याला ते ‘टर्की’ म्हणतात. बटन गोळ्या, म्हणजे झोपेच्या गोळ्यांचा गैरवापर, यात जीभ जड होते, चाल झोकांड्या खाते, पण तोंडाला दारूचा वास नसतो. या गोळ्या किंवा रोजची जास्त दारू एकदम बंद केली तर फेफरं येऊ शकतं. तेव्हा ‘खोलीत कोंडा, चार दिवसांत सुटेल’ हा मामांचा उपाय करू नका.

आता लघवीची तपासणी. बाजारात पाच-सहा पदार्थ एकदम तपासणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर एमडी नीट पकडलं जातच नाही. म्हणजे तू चोरून नमुना मिळवणार (कसा, हे मला खरंच सुचत नाही), पट्टी स्वच्छ येणार, आणि पुढचे सहा महिने तो ती पट्टी तुझ्या तोंडावर फेकणार. तपासणी डॉक्टर करतील, त्याला सांगून करतील. तिचा उपयोग उपचारात असतो, खटल्यात नव्हे. आणि नकळतचा विषय निघालाच आहे तर: एसटीच्या रस्त्यावर भिंतींवर रंगवलेलं असतं ना, ‘दारू सोडवा, रुग्णाच्या नकळत’, त्या पुड्या चहात घालू नका. कशात काय असतं कुणाला ठाऊक. दारूसाठी जे खरं औषध त्या जागी दिलं जाऊ शकतं, त्यावर माणूस नकळत प्याला तर जिवावर बेततं.

तर बोलायचं. कधी? जागरणाच्या बडबडीत नाही, झोपेतून उठवूनही नाही. लांब झोप झाली, आंघोळ झाली, दोन घास पोटात गेले, अशी एक वेळ येते. बहुधा सकाळची उशिराची. त्या वेळी खोलीत तू एकटी असावीस. काका, मामा, मेहुणे असा दरबार भरवू नकोस. दरबारात माणूस एकतर शपथ घेतो नाहीतर दार आपटून जातो, आणि दोन्हीचा उपयोग सारखाच.

‘तू ड्रग्ज घेतोस का?’ असं विचारू नकोस. त्याला एकच उत्तर आहे, ‘नाही’. तू जे पाहिलंस ते सांग. ‘मंगळवारी रात्री तीन वाजता तू गाडी धूत होतास. खणात पेनं होती. आईची पाटली मोडली. मला भीती वाटते.’ एवढंच. मग गप्प बस. ती शांतता फार अवघड असते. मी बायकांना सांगते की मनात शंभर मोजा. तो खोटं बोलेल. वाद घालू नकोस, ‘बरं’ म्हण आणि पुढचं वाक्य बोल: ‘झोपेसाठी आणि वजनासाठी डॉक्टरांना दाखवू. मी अपॉइंटमेंट घेतलीये, मी बरोबर येते.’ व्यसन कबूल करण्याआधी झोप येत नाही हे कबूल करणं माणसाला सोपं जातं. त्या दारानं आत शिरायचं. शिरल्यावर बाकीचं डॉक्टर बघतात.

आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. तो त्या क्षणी मनापासून घेईल, चौथ्या दिवशी मोडेल, आणि मग ‘आईच्या जिवावर उठला’ हे एक जास्तीचं ओझं त्याच्या डोक्यावर बसेल, जे हलकं करायला तो परत तीच पुडी शोधेल. गळ्यात माळ घातल्यावर दारू सुटली अशी माणसं मी पाहिलीत, नाकारत नाही. पण त्यांच्याभोवती दिंडी होती, रोजचा हरिपाठ होता, विचारपूस करणारी चार माणसं होती. नुसती माळ नव्हती. आणि कुणी म्हणालं ‘लग्न लावून द्या, सुधारेल’, तर त्यांना हात जोड आणि घराबाहेर पोचव. दुसऱ्याची मुलगी हे औषध नाही.

पाटलीबद्दल आईशी तुलाच बोलावं लागेल. आईला वाटतं पैसे नाही दिले तर तो चोरी करेल, किंवा काही करून घेईल. ही भीती खोटी नाही. पण आपण दिलेली नोट हप्त्याला जात नाही हे तिच्या मनाला कळलंय, नाहीतर बाबांपासून लपवलं नसतं. मधला मार्ग आहे: रोख हातात द्यायची नाही. जेवण, कपडे, डॉक्टर, औषध, प्रवासाचं तिकीट, सगळं मिळेल, पण आपण स्वतः भरू. गाडीचा हप्ता थकला तर थकू दे. गाडी ओढून नेली तर नेऊ दे. त्याच्या व्यसनाचे परिणाम आजवर आईच्या दागिन्यांनी सोसले, आता थोडे त्याला सोसू देत. हे लिहिताना सोपं आहे, जाणते. आईनं दहादा नाही म्हटलं आणि अकराव्यांदा दिलं तर तिच्यावर ओरडू नकोस, दुसऱ्या दिवसापासून परत नाही म्हणायचं.

बाबांना सांग. अँजिओप्लास्टी झालेला माणूस दिवसभर घरात असतो, खिडकीवरचा पेपर त्यालाही दिसतो. माझा अनुभव असा की अशा घरात बाबांना बहुतेक सगळं माहीत असतं आणि ‘तिला धक्का बसेल’ म्हणून ते आईपासून लपवत असतात. फोनवर सांगू नकोस. दिवसाउजेडी, तू समोर असताना, आणि ‘काय झालंय’ याच्याबरोबर ‘काय करायचं ठरवलंय’ हेही सांग.

पोलीस. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, लोक ज्याला एनडीपीएस म्हणतात, सेवन हाही गुन्हा आहे, आणि मेफेड्रोन २०१५ पासून त्याच्या यादीत आहे. पण त्याच कायद्यात ६४ अ हे कलम आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अट एवढीच की उपचार पुरे करायचे, अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे पोलिसांकडे जाणं नव्हे. डॉक्टर रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला बांधलेले असतात. तू मात्र एक कर: त्या पिशव्या पुरावा म्हणून पर्समध्ये किंवा कपाटात जपून ठेवल्या असशील तर ठेवू नकोस. बाळगणं हा गुन्हा आहे, आणि कायदा तुझा हेतू नंतर विचारतो.

‘उचलून नेतो’ म्हणणाऱ्या केंद्राला पत्ता देऊ नकोस. एका घरानं असंच केलं होतं. पहाटे चौघे आले, मुलाला चादरीत गुंडाळून जीपमध्ये घातलं. तीन महिन्यांनी तो परतला तेव्हा पाठीवर वळ होते आणि आई-वडिलांशी तो दोन वर्षं बोलला नाही. व्यसन? ते पंधराव्या दिवशी परत सुरू. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी जोडलेल्या मानसिक स्थितीही येतात. अशा रुग्णाला दाखल करून घेणाऱ्या केंद्राची नोंदणी हवी, आणि साखळीनं बांधायला तर साफ बंदी आहे. जायच्या आधी तू स्वतः जाऊन बघ. नोंदणीचा कागद मागायचा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात विचारायचं, घरच्यांना भेटू देतात का विचारायचं, आणि स्वयंपाकघर बघायचं. स्वयंपाकघर दाखवायला कां-कूं करणाऱ्या केंद्रात मी कुणालाच पाठवत नाही. रुग्ण अगदीच तयार नसेल आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर त्याच कायद्यात घरच्यांच्या अर्जावरून दाखल करायची रीतसर सोय आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा या क्षेत्रातले तज्ज्ञ, असे दोघं वेगवेगळे तपासतात, आणि ती मुदत आधी ३० दिवसांपर्यंतच असते. चादर आणि जीप त्या कायद्यात कुठे नाही.

मग जायचं कुठं? सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापासून कर. केसपेपर काढायचा, बस्स. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मोफत आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, तिथं मराठीत बोलता येतं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहेच. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं ते सुरू केलं तेव्हा गर्दचा पूर आला होता, आता पदार्थ बदललेत. तिथं घरच्यांशीही बोलतात, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नार्कोटिक्स ॲनॉनिमस, म्हणजे व्यसन सोडू पाहणाऱ्यांचाच एकमेकांना आधार देणारा गट, त्याच्या सभा बऱ्याच शहरांत चालतात. फी नाही, नाव विचारत नाहीत.

भाऊ यायला तयार होईपर्यंत थांबू नकोस. पहिली अपॉइंटमेंट तुझी घे. गंमत करत नाही. घरच्यांपैकी एक जण आधी येऊन बसतो, काय बोलायचं, काय नाही, पैशाचं काय, हे शिकून जातो, तेव्हा घरातली हवा बदलते आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी तो माणूस येतो, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

एमडीवर ‘हे घे आणि सुटलं’ असं औषध नाही. झोपेला, संशयाला, उदासीला औषधं आहेत, बाकी काम बोलण्याचं आणि दिनक्रमाचं. सोडल्यावर गर्दसारखी टर्की होत नाही, पण पहिले काही दिवस तो नुसता झोपेल, खाईल, आणि मग इतका उदास होईल की तुम्हाला आधीचा बडबड्या बरा वाटेल. त्या दिवसांत त्याला सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखणं, अंग भट्टीसारखं तापणं, झटका, किंवा संशयात हातात कोयता-काठी घेणं, यांपैकी काही झालं तर समजावत बसू नका, १०८ लावा. मारामारीची वेळ आली तर ११२. आणि सहा महिन्यांनी परत एकदा घेतली तर? बहुतेक जण घसरतात. त्या दिवशीही हेच डॉक्टर, हाच केसपेपर.

राहिली भाऊबीज. जा. नक्की जा. पाट मांड, ओवाळ, करंजी त्याच्या पुढे कर, भूक नसेल तर आग्रह करू नकोस. ताटात त्यानं पाचशेची नोट टाकली तर ती कुठून आली हे त्या दिवशी विचारायचं नाही. मुक्काम कर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची झोप होऊ दे, पोहे कर, आईला बाबांबरोबर देवळात पाठव, आणि मग त्याच्या खोलीत जाऊन बस. खिडकीवरचा पेपर तुझ्या हातानं काढू नकोस.